आशे, ओरी आणि इफा : योरुबा परंपरेत मार्गदर्शन कोण करते?

प्रश्नकर्तीने तीन गोष्टी एका दमात विचारल्या आहेत. योरुबा परंपरेतील ‘आशे’ नावाची दैवी ऊर्जा ध्यानधारणेने स्वतःत जागवता येते का, आपली ‘ओरिशा’ म्हणजे देवता कोणती हे कसे ओळखावे, आणि इंटरनेटवर पैसे घेऊन कवड्या टाकून भविष्य सांगणाऱ्यांचे मार्गदर्शन घ्यावे की नाही. उत्तराआधी माझा अधिकार किती ते सांगतो. पश्चिम आफ्रिकेतील मौखिक धर्मपरंपरा हा माझ्या अभ्यासाचा आणि अध्यापनाचा विषय आहे, आणि बाबालावोंच्या, म्हणजे इफा या योरुबा भविष्यकथनविद्येच्या पुरोहितांच्या, बैठकी मी जवळून पाहिल्या आहेत. पण मी दीक्षित नाही. जे ज्ञान दीक्षितांपुरते राखलेले आहे त्यावर मी बोलणार नाही, आणि सुदैवाने या तीनही प्रश्नांची उत्तरे त्या राखीव भागात नाहीत.

योरुबा लोकांची मूळ भूमी म्हणजे आजच्या नायजेरियाचा नैर्ऋत्य भाग आणि त्याला लागून असलेले बेनिन व टोगो या देशांतील काही प्रदेश. इले-इफे हे त्यांचे आद्य पवित्र नगर. पृथ्वीची निर्मिती तिथूनच झाली असे परंपरा मानते. आज बहुसंख्य योरुबा मुस्लिम किंवा ख्रिस्ती आहेत, तरी घरात अडचण आली की सकाळी चर्चला जाणारा माणूस संध्याकाळी गुपचूप बाबालावोकडे जातो, यात तिथे कोणाला फारसे नवल वाटत नाही. गुलामांच्या व्यापारात अटलांटिकपार नेलेल्या लोकांबरोबर हाच धर्म क्यूबा, ब्राझील आणि त्रिनिदादला पोहोचला, आणि इंटरनेटवर आपल्याला जे दिसते त्यातले बरेचसे क्यूबा व अमेरिकेमार्गे आलेले असते. हा फरक ध्यानात ठेवावा, कारण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

आता आशेविषयी. या शक्तीचा उगम ओलोदुमारे, म्हणजे परमेश्वर. त्याची देवळे नसतात आणि त्याला थेट बळीही दिला जात नाही. त्याने ही शक्ती ओरिशांना, पूर्वजांना, माणसांना, झाडपाल्याला, दगडांना, नद्यांना आणि विशेषतः शब्दाला वाटून दिली. आशे म्हणजे घडवून आणण्याचे सामर्थ्य. ती स्वतः चांगली किंवा वाईट नसते. आशीर्वाद फळतो तो तिच्यामुळे आणि शाप लागतो तोही तिच्यामुळेच. प्रार्थनेत ज्येष्ठ व्यक्ती एकेक मागणे उच्चारते आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेले सगळे ‘आशे’ म्हणतात, तेव्हा ते मागणे एकट्याचे राहत नाही. योरुबा राजाला ‘आलाशे, एकेजी ओरिशा’ म्हणतात, म्हणजे ज्याच्या शब्दात आशे आहे असा, देवतांखालोखालचा. औषधी वनस्पतींचेही तसेच. ओसान्यिन हा पानांचा स्वामी, आणि प्रत्येक पानाबरोबर त्याचे मंत्रवचन असते. ते न जाणता तोडलेले पान तुमच्या हातात येते, पण त्याचे काम येत नाही.

यातून पहिल्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ निघालेच. मराठी वाचकाला आशे म्हटले की कुंडलिनी किंवा प्राणशक्ती आठवते, हे स्वाभाविक आहे, पण ती तुलना वाट चुकवते. एकांतात बसून, श्वास रोखून, पाठीच्या कण्यातून वर चढवायची ही शक्ती नव्हे. योग्य व्यक्ती, योग्य वस्तू, योग्य वेळ आणि योग्य उच्चार यांची गाठ पडते तेव्हा ती काम करते. ती एकाकडून दुसऱ्याकडे दिली जाते: गुरूकडून शिष्याकडे, पूर्वजांकडून वंशजांकडे, ओरिशाकडून भक्ताकडे. तिला खाऊ घालावे लागते, तिची स्तुतिवचने म्हणावी लागतात, आणि संबंध तुटले की ती ओसरते. शांत बसण्यात वाईट काहीच नाही. फक्त त्याला योरुबा साधना म्हणू नये.

‘ओशे तुरा’ या ओडूतील एक कथा (ओडू म्हणजे काय ते पुढे येते) आशेचा हा स्वभाव कोणत्याही व्याख्येपेक्षा स्पष्ट करते. ओलोदुमारेने पृथ्वीवर व्यवस्था लावण्यासाठी सतरा ओरिशांना धाडले. त्यांतले सोळा पुरुष होते, सतरावी ओशून, नदीची देवता. सोळा जणांनी सगळे ठरवले, पण तिला विचारले नाही. मग काहीच जमेना. पाऊस पडेना, औषध लागू पडेना, केलेले बेत फसू लागले. ते तक्रार घेऊन परतले तेव्हा ओलोदुमारेने एवढेच विचारले की, तुमच्यातली सतरावी कुठे आहे? जा आणि तिची क्षमा मागा. ओशून तेव्हा गरोदर होती. मुलगा झाला तर तो तुमच्याबरोबर येईल, नाहीतर जसे चालले आहे तसेच चालेल, असे तिने बजावले. मुलगाच झाला, आणि तोच पुढे सर्वांचे बळी स्वर्गापर्यंत पोहोचवणारा झाला. सोळा जणांची शक्ती कमी नव्हती, पण ज्या एकीला डावलले तिच्यावाचून ती चालेना. ओशूनचे सर्वांत प्रसिद्ध स्थान ओशोग्बो येथील नदीकाठची राई आहे. ती 2005 साली जागतिक वारसा स्थळांच्या यादीत आली. ही राई उजाड होण्यापासून वाचली त्यात सुझान वेंगर या ऑस्ट्रियात जन्मलेल्या शिल्पकर्तीचा मोठा वाटा होता. ती तिथेच राहिली, ओरिशांची दीक्षा घेतली आणि 2009 साली ओशोग्बोतच वारली.

मार्गदर्शनाचा विषय मात्र आशेपासून सुरू होत नाही. तो ‘ओरी’पासून सुरू होतो. ओरी म्हणजे मस्तक, पण इथे अभिप्रेत आहे ते आतले, न दिसणारे मस्तक. प्रत्येक जीव जन्माआधी आपले आतले मस्तक स्वतः निवडतो, आणि त्या मस्तकाबरोबर आयुष्याचा वाटाही निवडला जातो. जन्माच्या वाटेवर ती निवड तो विसरतो. माणसाला मार्गदर्शन लागते ते या विसरण्यामुळे.

ही मस्तके घडवणारा कुंभार म्हणजे आजाला. तो कसबी आहे, पण बेभरवशाचा आणि डोक्यावर कर्ज असलेला. त्याच्या वाड्यात चांगली भाजलेली मस्तके असतात, तशीच कच्ची आणि तडकलेलीही असतात, आणि बाहेरून पाहून फरक कळत नाही. इफातील कथेप्रमाणे ओरिसेकू, ओरिलेमेरे आणि अफुवापे हे तीन मित्र मस्तक निवडण्यासाठी निघाले. पहिले दोघे थेट आजालाकडे गेले, तो घरी नव्हता, थांबायचा कंटाळा आला म्हणून त्यांनी दिसली ती सुंदर मस्तके उचलली आणि पृथ्वीची वाट धरली. वाटेत पाऊस लागला आणि ती कच्ची माती झिजून गेली. पृथ्वीवर त्यांनी कितीही कष्ट केले तरी सारे कष्ट झिजलेले मस्तक भरून काढण्यातच संपले. तिसरा अफुवापे हा ओरुन्मिलाचा, म्हणजे इफाच्या अधिष्ठात्या देवतेचा मुलगा. वडिलांच्या घरी आधी इफाला विचारले गेले आणि मीठ व कवड्या अर्पण करायला सांगितले गेले. त्यांतला काही भाग त्याने बरोबर घेतला. वाटेत एक द्वारपाल राखेने कालवण चवदार करण्याच्या खटपटीत होता. अफुवापेने त्याच्या भांड्यात मीठ टाकले. खूश झालेल्या द्वारपालाने त्याला गुपित सांगितले: आजाला सावकाराच्या भीतीने घराच्या आढ्याला लपून बसलेला असेल, त्याचे देणे फेड. अफुवापेने जवळच्या कवड्यांनी देणे फेडले, आजाला खाली उतरला, आणि त्याने आपल्या हाताने एक भक्कम मस्तक निवडून दिले. पाऊस त्यालाही लागला, पण ते मस्तक टिकले.

या कथेत मला नेहमी भावते ते हे की, अफुवापेचे भले कोणत्याही चमत्काराने होत नाही. त्याने आधी विचारले, सांगितलेले केले, आणि वाटेत भेटलेल्या माणसाची अडचण ओळखून ती दूर केली. मार्गदर्शन मिळणे आणि त्याप्रमाणे वागणे या दोन गोष्टी इथे वेगळ्या काढताच येत नाहीत. इफातच आणखी एक कथा अशी आहे की, सगळ्या मस्तकांनी मिळून एक काम करायचे ठरवले, पण पायांना बोलावले नाही, आणि ते काम पार पडले नाही. नुसत्या नशिबाने भागत नाही, चालावे लागते, हे योरुबा परंपरा असे सांगते. म्हणून जे लोक या परंपरेला दैववादी ठरवून मोकळे होतात त्यांनी ती अर्धीच वाचलेली असते.

मग विसरलेली निवड कळावी कशी? ओरुन्मिलाला ‘एलेरी इपिन’ म्हणतात, म्हणजे वाट्याचा साक्षीदार. जीव मस्तक निवडतो तेव्हा तो हजर असतो, आणि इफा हे त्याच्याशी बोलण्याचे साधन आहे. बाबालावो सोळा पवित्र पामबिया, ज्यांना ‘इकिन’ म्हणतात, डाव्या तळहातावर घेतो आणि उजव्या हाताने एका झडपेत सगळ्या उचलण्याचा प्रयत्न करतो. डाव्या हातात एक बी उरली तर पूड पसरलेल्या लाकडी तबकावर दोन रेघा, दोन उरल्या तर एक रेघ. एकही उरली नाही किंवा दोनहून जास्त उरल्या तर पुन्हा झडप. असे आठ वेळा झाले की चार-चार खुणांचे दोन स्तंभ तयार होतात. रोजच्या विचारणेसाठी ‘ओपेले’ नावाची साखळी वापरतात. तिच्यावर बियांची आठ अर्धी टरफले असतात, आणि एकदा टाकली की उताणी-पालथी पडलेली टरफले तीच आठ उत्तरे देतात. आठ ठिकाणी दोन-दोन शक्यता, म्हणून एकूण 256 आकृत्या. या प्रत्येकीला ओडू म्हणतात. त्यांतले सोळा मुख्य, एजी ओग्बेपासून ओफून मेजीपर्यंत, आणि उरलेले 240 त्यांच्या जोड्यांतून आलेले.

ओडू निघाला म्हणजे उत्तर मिळाले असे नाही. प्रत्येक ओडूखाली शेकडो पद्यकथांचा साठा असतो आणि तो बाबालावोला मुखोद्गत असावा लागतो. म्हणूनच शिक्षण बहुधा लहानपणी सुरू होते आणि ते पुरे व्हायला वर्षानुवर्षे लागतात. पद्याची ठेवण साधारण ठरलेली असते. पूर्वी अमुक-तमुक बाबालावोंनी अमक्यासाठी इफा पाहिला, तेव्हा तो अमक्या संकटात होता, त्याला अमुक अर्पण करायला सांगितले, त्याने केले किंवा केले नाही, आणि मग काय झाले. हा ‘अमका’ कधी राजा असतो, कधी झाड, कधी एखादा पक्षी. 1932 साली जन्मलेले वान्दे अबिम्बोला, जे पुढे इफे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, यांनी बाबालावोंकडून ही पद्ये मोठ्या प्रमाणावर नोंदवून त्यांची रचना उलगडली आहे. या विद्येला 2005 साली युनेस्कोने मौखिक वारशाचा श्रेष्ठ नमुना म्हणून घोषित केले.

या पद्धतीतला एक बारकावा बाहेरच्यांना ठाऊक नसतो. पारंपरिक बैठकीत आलेला माणूस आपला प्रश्न बाबालावोला सांगतच नाही. तो एक नाणे हातात घेऊन त्याच्याशी कुजबुजतो आणि ते साखळीजवळ ठेवतो. बाबालावो निघालेल्या ओडूची पद्ये म्हणू लागतो आणि माणूस ऐकत राहतो. ज्या कथेत त्याला आपली स्थिती दिसते तिथे तो थांबवतो. म्हणजे अर्थ लावण्याचे अर्धे काम विचारणाऱ्याचेच असते. त्यानंतर हो-नाहीचे बारीक प्रश्न येतात: शकुन भल्याचा की बुऱ्याचा, भले असेल तर धनाचे, संततीचे की दीर्घायुष्याचे, अर्पण कोणाला. यासाठी विचारणाऱ्याच्या दोन मुठींत दोन वस्तू लपवतात, बहुधा एकीत कवडी आणि दुसरीत हाडाचा तुकडा, आणि साखळी पुन्हा टाकतात. आपल्या कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात, मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडली की डावीकडून यावर होकार-नकार ठरतो. त्याच्याशी जुळते ती इफातली एवढी शेवटची पायरी. कौलाआधी जी पद्यांची अख्खी संहिता उभी राहते तिला आपल्याकडे त्या विधीत जोड नाही.

शेवटी येतो ‘एबो’, म्हणजे अर्पण. पामतेल, कोलाची फळे, कापड, पैसे, शिजवलेले अन्न, आणि काही प्रसंगी कोंबडे किंवा बकरा. होय, प्राण्याचा बळी या परंपरेचा भाग आहे, आणि जे मार्गदर्शक ही गोष्ट झाकून सगळे मेणबत्त्या आणि सुगंधावर भागवतात ते सोयीचे तेवढे सांगत असतात. प्रत्येक एबोतला वाटा एशूला मिळतो. चौरस्त्यावर बसणारा, निरोप पोहोचवणारा, आणि ज्याने सांगितलेले केले नाही त्याला गोंधळात पाडणारा हा देव. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी त्याला सैतान ठरवले आणि ती समजूत नायजेरियात आजही घट्ट आहे. मूळ परंपरेत मात्र त्याच्यावाचून कोणतेही अर्पण कुठेच पोहोचत नाही.

आता दुसरा प्रश्न, ‘माझी ओरिशा कोणती’. योरुबा भूमीत हा प्रश्न सहसा असा एकट्याने पडत नाही. ओरिशा घराण्यातून येते, गावातून येते: ओयो नगराच्या घराण्यांत मेघगर्जनेचा देव शांगो, ओशोग्बोत ओशून, लोहारांकडे लोखंडाचा देव ओगून. कधी जन्माची खूण सांगते. जुळ्यांसाठी तर वेगळी उपासनाच आहे, आणि योरुबा लोकांत जुळ्यांचे प्रमाण जगात सर्वाधिकांपैकी आहे. कधी नवजात बाळासाठी इफाला विचारतात. क्यूबा आणि ब्राझीलमध्ये गुलामगिरीने घराणी मोडली, एकाच वस्तीत वेगवेगळ्या गावांचे लोक आले, आणि मग प्रत्येक माणसाच्या मस्तकाचा स्वामी असलेली एक ओरिशा शोधून काढण्याची पद्धत रूढ झाली. ती पद्धत खोटी नव्हे, मोडलेल्या नात्यांची ती दुरुस्ती आहे. पण तिथेही हा निर्णय विधिपूर्वक घेतला जातो, जन्मतारीख टाकून किंवा दहा प्रश्नांची चाचणी सोडवून नव्हे.

शिवाय ‘ओगुन्दा मेजी’ या ओडूत एक संवाद आहे, तो या प्रश्नाची दिशाच बदलतो. ओरुन्मिला देवतांना विचारतो की, तुमच्यातला कोण भक्ताबरोबर समुद्रापार दूर जाईल आणि मागे फिरणार नाही? शांगो म्हणतो, मी. ओरुन्मिला विचारतो, बरे, चालता चालता तुझ्या वाडवडिलांचे गाव कोसो लागले, तिथे तुला आवडते कालवण, याम नावाच्या कंदाच्या पिठाचा गोळा, कडू कोला आणि कोंबडा वाढला तर? शांगो म्हणतो, पोटभर जेवून मी घरी परतेन. एकेक करून सगळ्यांचे असेच होते. शेवटी उत्तर मिळते की, मागे न फिरता सोबत करते ती फक्त ओरी. ओरीच्या संमतीवाचून कोणतीही ओरिशा कोणाचे भले करू शकत नाही, अशी योरुबा म्हणच आहे. तेव्हा प्रश्नकर्तीने आधी आपल्या मस्तकाची चौकशी करावी, देवतेची नंतर. या परंपरेत सकाळी स्वतःच्या मस्तकाला हात लावून त्याच्याशी चार शब्द बोलतात, आणि त्याला दीक्षेची गरज नसते.

तिसरा प्रश्न पैशाचा आणि विश्वासाचा. दूर अंतरावरून विचारणा करणे हेच मुळी चूक आहे असे मी म्हणणार नाही. आजारी किंवा परगावी असलेल्या नातेवाइकासाठी विचारण्याची पद्धत जुनी आहे, आणि आज इबादानचे प्रतिष्ठित बाबालावोही फोनवर विचारणा घेतात. कवड्यांची पद्धत इफाहून हलकी आहे असेही नाही. सोळा कवड्यांपैकी किती तोंड वर करून पडल्या यावरून त्यात ओडू ठरतो, ओरिशांचे पुजारी आणि पुजारिणी ती वापरतात, आणि बायकांना तिथे पूर्ण अधिकार आहे, जो इफात देण्यावरून अजून वाद चालू आहे. (जाता जाता: योरुबा प्रदेशात चलन म्हणून गेलेल्या कवड्यांतला फार मोठा भाग मालदीवहून युरोपीय जहाजांनी नेलेला होता. हिंदी महासागरातली कवडी गुलामांच्या किमतीत मोजली गेली आणि देवाच्या तबकातही बसली.)

पण पुढील गोष्टी तपासल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. कोणता ओडू निघाला ते नावाने सांगितले का? त्यातली कथा ऐकवली का, की ‘तुमच्याभोवती नकारात्मक ऊर्जा आहे’ असे मोघम वाक्य ऐकवले? गुरू कोण, दीक्षा कोणत्या घराण्यात आणि कुठल्या गावी झाली, याचे सरळ उत्तर मिळते का? ओडूचे नाव कळले की दुसऱ्या जाणकाराला विचारता येते. मोघम वाक्याची पडताळणी करता येत नाही, आणि म्हणूनच ते वापरले जाते. एबोची रक्कम प्रत्येक संभाषणात वाढत गेली, किंवा आज रात्रीपर्यंत पैसे नाही दिले तर मृत्यू ओढवेल असे सांगितले, तर तिथेच थांबावे. परंपरेत मृत्यू, रोग आणि हानी या शत्रुशक्तींची नावे जरूर घेतली जातात, पण बैठकीचा हेतू त्यांच्याशी तोडगा काढणे हा असतो, आणि अर्पण पुरेसे आहे की नाही हे इफालाच विचारले जाते. अर्पणाचे साहित्य माणसाच्या ऐपतीप्रमाणे बदलण्याची सोयही त्यात आहे. आणखी एक खूण: चांगला बाबालावो तुमच्या वागण्याविषयी काहीतरी अवघड सांगतोच. ‘इवा’, म्हणजे शील, याला इफात इतके महत्त्व आहे की ओरुन्मिलाने आपली बायको इवा हिला घालवून दिल्यावर त्याचीच पत गेली आणि तो तिला शोधत फिरला, अशी कथा आहे. जो तुमच्या सगळ्या अडचणींचे खापर शेजाऱ्यांच्या दृष्टीवर फोडतो आणि तुम्हाला काहीच बदलायला सांगत नाही, त्याच्याकडून मिळते ते इफाचे मार्गदर्शन नव्हे.

दीक्षेचा विचार आत्ताच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात कित्येक दिवसांचे विधी असतात, त्यानंतर काही पदार्थ आणि काही कृती आयुष्यभर वर्ज्य होतात, आणि ज्या घराण्यात दीक्षा घेतली त्याच्याशी कायमची बांधिलकी येते. हे सगळे मुंबईत किंवा न्यू जर्सीत एकट्याने निभावणे कठीण आहे. त्याआधी शक्य असेल तर ऑगस्टमध्ये ओशोग्बोचा उत्सव पाहावा, जिथे एक कुमारिका डोक्यावर झाकलेली भोपळ्याची परडी घेऊन सगळ्या गावाचे अर्पण नदीपर्यंत नेते, किंवा जूनमध्ये इले-इफेच्या ओके इतासे टेकडीवरचा इफाचा वार्षिक मेळा पाहावा. दोन्ही ठिकाणी बाहेरच्यांना येऊ देतात. तिथे एखाद्या बाबालावोसमोर बसून, नाण्याशी कुजबुजून, आपल्या ओरीला पुढे काय हवे आहे एवढेच विचारावे, आणि ओडूचे नाव लिहून घ्यावे.